टॉवेल कुणाच्या हातात?

बॉक्सिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सहा फुटी दांडगा गडी, रेड्यासारखी मान आणि समोरच्याला लोळवल्यावर ठोकलेली आरोळी. मोहम्मद अली आणि माईक टायसन ही दोन नावं आपल्यालाही ठाऊक असतात, कारण घरातल्या पुरुषमंडळींच्या तोंडी ती असतात. मेरी कोमनं २०१२ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये ५१ किलो गटात ब्राँझ पदक मिळवलं, तेव्हा कुठे आपल्याला कळलं, की या खेळात बारक्या अंगाच्या माणसांचीही एक वेगळी दुनिया असते. पन्नास-बावन्न किलोंची माणसं! सिमेंटच्या एका गोणीचं वजन जेवढं, तेवढा अख्खा माणूस.

या दुनियेत मला नेलं माझ्या भाच्यानं. त्याला या खेळाचं भारी वेड. सुट्टीत आला की जेवतानाही मोबाईलवर लढती चालू. मी आपली 'बंद कर ते रक्तबंबाळ प्रकरण' म्हणत वाढत असते. एकदा तो म्हणाला, "मावशी, हा फिलिपिनो बॉक्सर बघ. आणि त्याच्या कोपऱ्यात ती बाई दिसतेय ना, ती त्याची बायको. तीच त्याला शिकवते."

माझा हात वाढता वाढता थांबला. बायको? नवऱ्यावर ठोसे पडत असताना दोन हातांवर उभी राहून बघणारी? नुसती बघणारी नाही, तर सूचना देणारी? नवऱ्याला साधं खरचटलं तरी जीव खालीवर होणाऱ्या आपण. ही बाई कुठल्या मातीची असेल? मग मी भाच्याकडून ऐकलं, मिळेल ते वाचलं, जुन्या लढतीही पाहिल्या, अर्ध्या डोळे मिटून. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते.

बॉक्सरचं नाव नोनितो डोनायरे. बायकोचं नाव रेचल.

छोट्या वजनांचा मोठा देश

फिलिपिन्स हा हजारो बेटांचा देश. आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांना तिथल्या नर्स आणि घरकामाला आलेल्या बायका परिचयाच्या असतात. पोटासाठी परदेशी जायचं आणि घरी पैसे पाठवायचे, हे तिथल्या घरोघरचं चित्र. १८९८ पासून १९४६ पर्यंत (मधली जपानी सत्तेची वर्षं सोडली तर) या देशावर अमेरिकेचं राज्य होतं. अमेरिकन सैनिकांबरोबर बॉक्सिंग आलं आणि तिथल्या मातीत असं काही रुजलं, की आपल्याकडे गल्लोगल्ली क्रिकेट असतं तसं तिथे ते झालं. लोकांची अंगकाठी लहान, त्यामुळे मोठ्या वजनांत त्यांचा निभाव लागायचा नाही. हलक्या वजनांत मात्र त्यांनी जगाला घाम फोडला.

पहिला मान पांचो व्हिलाचा. खरं नाव फ्रान्सिस्को गिलेदो, नेग्रोस बेटावरचा गरीब पोरगा. १८ जून १९२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यानं जिमी वाईल्ड या नामांकित ब्रिटिश बॉक्सरला हरवलं आणि फ्लायवेट गटाचा, म्हणजे ५०.८ किलोंच्या आतल्यांचा, तो विश्वविजेता झाला. दोनच वर्षांनी, १४ जुलै १९२५ रोजी, तो गेला. वय अवघं तेवीस. रिंगमधल्या ठोशानं त्याला मारलं नाही. दाताचं दुखणं होतं, दात काढला, गाल सुजलेला असतानाच तो लढला, जंतुसंसर्ग घशापर्यंत पसरला आणि जीव घेऊन गेला. पेनिसिलिन यायचं होतं अजून. दात दुखतोय म्हणून तोंडात लवंग धरून आठ-आठ दिवस काढणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, हे एवढं तरी लक्षात ठेवा.

पुढे १९६० ते १९६७ अशी सात वर्षं 'फ्लॅश' एलोर्देनं विश्वविजेतेपद राखलं. नंतरचा मॅनी पॅकियाव तर दंतकथाच. आठ वेगवेगळ्या वजनगटांत जगज्जेता झाला आणि २०१६ ते २०२२ देशाचा सिनेटरही होता. पॅकियाव ज्या जनरल सान्तोस शहरात वाढला, तिथल्याच शाळेत त्याच्या मागून आणखी एक किरकोळ पोरगा जात होता. तोच आपला नोनितो. पॅकियावच्या सावलीत त्याचं नाव आपल्यापर्यंत फारसं पोचलं नाही.

भित्र्या पोराची गोष्ट

नोनितोचा जन्म १६ नोव्हेंबर १९८२ चा, बोहोल बेटावरच्या तालिबोन गावातला. लहानपणी दम्याचा त्रास, अंगानं काडी, स्वभावानं भित्रा. इतर मुलं त्रास देत. काही काळ आजोबांच्या घरी वाढला. दहा-अकरा वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत कॅलिफोर्नियात गेलं. तिथे थोरला भाऊ ग्लेन बॉक्सिंग करायला लागला. वडील त्याच्या मागे असायचे आणि घरातलं सगळं कौतुक त्याच्या वाट्याला जायचं. धाकट्यानं हे पाहिलं आणि आपणही हातमोजे चढवले. खेळाची ओढ म्हणाल तर नव्हती. आईबापांनी आपल्याकडेही बघावं, एवढंच मागणं होतं. दोन मुलं असलेल्या प्रत्येक आईनं इथे क्षणभर थांबावं असं मला वाटतं.

२००० साली तो अमेरिकेचा राष्ट्रीय हौशी विजेता झाला, पण ऑलिम्पिक निवडीत हरला. २००१ मध्ये व्यावसायिक झाला आणि दुसरीच लढत गमावली. त्यानंतर मात्र तब्बल बारा वर्षं तो हरला नाही.

त्यातली एक लढत भाच्यानं मला तीनदा दाखवली. विक दार्चिन्यान नावाचा अर्मेनियात जन्मलेला ऑस्ट्रेलियन बॉक्सर तेव्हा अजिंक्य होता आणि तोंडाचाही फटकळ. २००६ मध्ये त्यानं ग्लेनला हरवलं, त्या लढतीत ग्लेनचा जबडा मोडला. पुढच्याच वर्षी, ७ जुलै २००७ रोजी, धाकटा त्याच माणसासमोर उभा राहिला. धाकटा जिंकेल असं कुणीच धरलं नव्हतं. पाचव्या फेरीत दार्चिन्यान अंगावर धावून आला आणि नोनितोचा डावा हात वळसा घेऊन त्याच्या जबड्यावर बसला. दार्चिन्यान खाली कोसळला, उठला, पुन्हा झोकांडला. फ्लायवेटचं विश्वविजेतेपद डोनायरेंच्या घरात आलं. मारामारी मला आवडत नाही, पण खोटं कशाला बोलू, त्या वेळी माझ्याही तोंडून 'अरे वा' निघून गेलं.

सून आली आणि...

२००८ मध्ये नोनितोचं रेचल मार्शियलशी लग्न झालं. रेचल ही काही नुसती बॉक्सरची बायको नव्हे. ती स्वतः तायक्वांदोची खेळाडू. अमेरिकेच्या लष्करी आणि महाविद्यालयीन स्पर्धांमध्ये विजेती ठरलेली. लाथा-ठोशांचं शास्त्र तिला नवऱ्याइतकंच कळत होतं. वजन कसं उतरवायचं, लढतीच्या आदल्या रात्री पोटात कसा गोळा येतो, हरल्यावर खोलीत कशी शांतता असते, हे सगळं तिनं अंगावर काढलेलं.

त्याच सुमाराला बापलेकात फाटलं. वडीलच त्याचे प्रशिक्षक होते, त्यामुळे घरचं भांडण आणि धंद्याचं भांडण एकच झालं. गोष्ट वर्तमानपत्रांपर्यंत गेली. आणि बोटं कुणाकडे वळली असतील? सांगायला हवं का? 'सून आली आणि पोरगा बापापासून तुटला.' फिलिपिन्स काय नि आपलं गाव काय, हे वाक्य सगळीकडे तयारच असतं. बापलेकांचं कामावरून पटत नसेल, पंचविशीच्या मुलाला स्वतःचे निर्णय घ्यायचे असतील, पैशांचे व्यवहार असतील, यातलं काही कुणाच्या मनात आधी येत नाही.

ती वर्षं सोपी नव्हती, पण दोघांनी निभावली. पुढे २०१३ मध्ये वडील पुन्हा त्याच्या सरावात परतले. त्यांच्यात काय बोलणं झालं हे त्यांचं त्यांना ठाऊक. मला भावलं ते एवढंच, की सून घरात असताना आणि सुनेचं स्थान तसंच राहून मुलगा बापाकडे वळला. एकाला धरायचं तर दुसऱ्याला सोडायलाच हवं, असं काही नसतं.

चढती भाजणी

त्या मधल्या काळात नोनितोचा खेळ बहरला होता. १९ फेब्रुवारी २०११ रोजी लास व्हेगासमध्ये त्यानं मेक्सिकोच्या फर्नांडो मोन्टिएलला दुसऱ्या फेरीत गारद केलं आणि बॅन्टमवेटचे, म्हणजे ५३.५ किलो गटाचे, दोन पट्टे कमावले. बॅन्टम ही कोंबड्यांची एक बुटकी जात. लहान चणीची पण झुंजार, म्हणून गटाला ते नाव. २०१२ मध्ये तो आणखी वरच्या गटात गेला, एका वर्षात चार लढती लढला, चारही जिंकला आणि अमेरिकेतल्या बॉक्सिंग लेखकांच्या संघटनेनं त्याला वर्षातला सर्वोत्तम बॉक्सर ठरवलं.

त्याच वर्षी त्यानं आणखी एक गोष्ट केली. वर्षाचे बाराही महिने, कधीही, न सांगता येऊन उत्तेजकांची चाचणी करा, असं त्यानं आपणहून कबूल केलं. बॉक्सिंगमध्ये असं करणारा तो पहिला. ही चाचणी करणारी संस्था उभी केली ती डॉ. मार्गारेट गुडमन या बाईंनी. त्या मेंदूविकारतज्ज्ञ, आणि अनेक वर्षं रिंगच्या कडेला डॉक्टर म्हणून बसलेल्या. गोळ्या-इंजेक्शनं घेऊन ताकद वाढवलेला माणूस समोरच्याच्या डोक्यात ठोसा मारतो तेव्हा ती साधी फसवणूक राहत नाही, जिवाशी खेळ होतो. धावण्याच्या शर्यतीत फसवणूक झाली तर पदक जातं. इथे माणूस जाऊ शकतो.

थांबवायचं कुणी?

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. नोनितो बोहोलमध्ये जन्मला, त्याच आठवड्यात, १३ नोव्हेंबर १९८२ रोजी, लास व्हेगासमध्ये एक लढत झाली. किम दुक-कू नावाचा कोरियाचा तरुण. गरिबीतून वर आलेला, लग्न ठरलेलं, होणारी बायको गरोदर. अमेरिकन रे मॅन्सिनीशी तो फेऱ्यांमागून फेऱ्या लढला. चौदाव्या फेरीत कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. चार-पाच दिवसांत तो गेला. काही महिन्यांनी त्याच्या आईनंही जीव दिला.

त्यानंतर विश्वविजेतेपदाच्या लढती हळूहळू पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आल्या. नोनितो आयुष्यभर ज्या नियमात लढला, तो नियम अशी किंमत मोजून झालेला आहे.

बॉक्सिंगमध्ये लढत थांबवायचा अधिकार असतो पंचाला, रिंगजवळच्या डॉक्टरला आणि बॉक्सरच्या कोपऱ्यातल्या माणसाला. कोपऱ्यातून रिंगमध्ये टॉवेल फेकला, की 'आमचा गडी आता लढणार नाही' असा अर्थ. आता बऱ्याच ठिकाणी टॉवेल फेकण्याऐवजी पंचांना किंवा अधिकाऱ्यांना खूण करतात, पण शब्द तोच राहिला. आणि गंमत बघा, की स्वतः बॉक्सर बहुतेक वेळा थांबत नाही. त्याला थांबायचं शिकवलेलंच नसतं. डोळा मिटला, नाक फुटलं, तरी तो 'मी ठीक आहे' असंच म्हणणार. मग त्याच्यासाठी 'पुरे' कुणी म्हणायचं? ज्याला त्याच्या जिंकण्यापेक्षा तो स्वतः हवा आहे, त्यानं.

उतरती कळा, आणि एक उलटं पाऊल

१३ एप्रिल २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्यूबाच्या गिलेर्मो रिगोन्डोनं नोनितोची बारा वर्षांची विजयमाला तोडली. त्यानंतर खांद्याची शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी पहिला मुलगा झाला. २०१४ मध्ये त्यानं आणखी वरच्या, ५७ किलो गटातलं विजेतेपद मिळवलं. म्हणजे चार वेगवेगळ्या वजनगटांत जगज्जेता. पण त्याच वर्षी जमैकाच्या निकोलस वॉल्टर्सनं त्याला सहाव्या फेरीत आडवा केला. २०१६ मध्ये हार. २०१८ च्या एप्रिलमध्ये बेलफास्टमध्ये कार्ल फ्रॅम्प्टनकडून पुन्हा हार. वय पस्तीस. हलक्या वजनांत पस्तिशी म्हणजे म्हातारपण. तिथे सगळा खेळ वेगाचा, आणि वेगच आधी जातो. 'झालं याचं आता' असं सगळे म्हणाले.

तेव्हा नवरा-बायकोनं उलटं पाऊल उचललं. वय वाढलं की बॉक्सर वरच्या वजनात जातात. हा खाली आला. पुन्हा बॅन्टमवेट, ५३.५ किलो. सात वर्षांपूर्वी सोडलेलं वजन. वरच्या गटात समोरचे गडी त्याच्यापेक्षा मूळचेच मोठे होते, त्यांच्या ठोशांपुढे याची ताकद कमी पडत होती. आपलं खरं माप कोणतं, हे ओळखून तो तिथे परतला. आपण बायका वजन उतरवण्यावर कितीही बोलत असलो तरी एक सांगून ठेवते. वजन करायच्या आधी बॉक्सर अंगातलं पाणी काढून टाकतात, ते डॉक्टर-जाणकारांच्या नजरेखाली, आणि तरीही ते धोक्याचंच असतं. लग्नाच्या साडीत मावण्यासाठी असले उपाय करायचे नसतात.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ग्लासगोला रायन बर्नेटशी लढत झाली. पाठीच्या दुखापतीनं बर्नेटला थांबावं लागलं आणि पट्टा नोनितोकडे आला. 'नशिबानं मिळालं' असं लोक म्हणाले. एप्रिल २०१९ मध्ये त्यानं पुढची लढत सहाव्या फेरीत ठोशानं संपवली. आणि तो एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. समोर जपानचा नाओया इनोए. दहा वर्षांनी लहान, अजिंक्य, लोक त्याला 'राक्षस'च म्हणतात.

एका रात्रीपुरता चषक

७ नोव्हेंबर २०१९. जपानमधलं सैतामा. सगळ्यांना वाटलं होतं की म्हातारा दोन-तीन फेऱ्यांत आटपेल. दुसऱ्याच फेरीत त्याच्या डाव्या ठोशानं इनोएची उजवी भुवई फुटली आणि डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. नवव्या फेरीत इनोए लटपटला. अकराव्या फेरीत इनोएचा ठोसा नोनितोच्या बरगडीखाली, यकृतावर बसला. या ठोशानं माणसाचा श्वासच अडतो. नोनितो वळून दोन पावलं गेला आणि गुडघ्यावर बसला. आता संपलं असं वाटत असताना तो उठला. बाराही फेऱ्या पुऱ्या केल्या. गुणांवर हरला. ती लढत त्या वर्षातली सर्वोत्तम लढत मानली गेली.

पण मला हलवलं ते नंतरच्या गोष्टीनं. विजेत्यासाठी मोहम्मद अलीच्या नावाचा चषक होता. नोनितोनं आपल्या दोन लहान मुलांना शब्द दिला होता, की सकाळी उठाल तेव्हा चषक तुमच्यासमोर असेल. आणि तो तर हरला होता. मग या माणसानं काय करावं? ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याच इनोएकडे तो गेला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, की एका रात्रीपुरता चषक मला उसना दे. इनोएनं दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी तो पाहिला. हा आपला नाही, बाबा हरला, हे त्यानं मुलांपासून लपवलं नाही.

पुरुषानं मुलांसमोर हरणं, ते कबूल करणं, आणि वर प्रतिस्पर्ध्याकडे हात पसरणं! आपल्या घरांतून मुलगे वाढतात ते 'रडतोस काय बायकांसारखा' ऐकत. जगातल्या सगळ्यात मर्दानी म्हणवणाऱ्या खेळातला, चार गटांतला जगज्जेता मुलांसाठी रडला आणि कुणी त्याला हसलं नाही.

कोपऱ्यातली बाई

यानंतरच्या वर्षांत रेचल उघडपणे कोपऱ्यात दिसू लागली. सराव, व्यवस्थापन, कोपरा, सगळीकडे. कोपऱ्याचं काम म्हणजे काय ते भाच्यानं मला समजावलं. दोन फेऱ्यांमध्ये मिळतो एकच मिनिट. त्यात त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, जखमेतलं रक्त थांबवायचं, सुजलेल्या जागेवर गार धातू दाबायचा, चेहऱ्याला व्हॅसलिन चोपडायचं, आणि हे सगळं चालू असताना दोनच वाक्यं बोलायची. तिसरं वाक्य थकलेल्या मेंदूत शिरत नाही. साठ सेकंदांत एवढं सगळं! सकाळी डबे भरणाऱ्या बाईला हे गणित वेगळं शिकवायला नको, हे मी हसत म्हटलं खरं, पण हिच्या साठ सेकंदांत आणखी एक काम असतं. नवऱ्याच्या डोळ्यांत बघून ठरवायचं, की याला पुढच्या फेरीत पाठवायचं का.

२९ मे २०२१ रोजी कॅलिफोर्नियात अडतीस वर्षांच्या नोनितोनं फ्रान्सच्या अजिंक्य नॉर्दिन उबालीला चौथ्या फेरीत गारद केलं. बॅन्टमवेटमधला तो सर्वांत वयस्क विश्वविजेता ठरला. पहिलं विजेतेपद २००७ चं, हे २०२१ चं. तीन दशकांत जगज्जेता! त्याच डिसेंबरमध्ये आपल्याच देशाच्या रेमार्ट गबालोला हरवून त्यानं पट्टा राखला.

गोष्ट इथे संपवली असती तर छान झालं असतं, पण आयुष्य तसं संपत नाही. ७ जून २०२२ रोजी त्याच सैतामामध्ये इनोएनं त्याला दुसऱ्याच फेरीत संपवलं. २०२३ मध्ये तो पुन्हा हरला. आणि जून २०२५ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, अर्जेंटिनात लढून त्यानं पुन्हा एक हंगामी विजेतेपद मिळवलं.

हे वाचून मला कौतुक वाटलं आणि भीतीही. बेचाळिसाव्या वर्षी डोक्यावर ठोसे खायचे? मी रेचलच्या जागी असते तर कधीच 'पुरे' म्हटलं असतं. भाचा म्हणतो, "मावशी, तू म्हटलं असतंस, कारण तुला खेळ कळत नाही. तिला कळतो." मी त्याला म्हटलं, "कळत असेल, पण भीती तिलाही असेलच की." दोघांचंही थोडं थोडं खरं असावं. ज्या बाईला त्या कामातलं काही कळत नाही, तिच्या 'पुरे'ला कुणी भीक घालत नाही. 'तुला काय कळतंय' एवढं म्हटलं की संपलं. रेचलचं 'पुरे' उडवून लावता येणार नाही, कारण तिनं ती विद्या स्वतः घाम गाळून मिळवलेली आहे.

म्हणून मला वाटतं, रेचलकडून घ्यायचं ते हे. किती घरांत बाई दुकानाच्या वह्या लिहिते, गिऱ्हाईक सांभाळते, शेतातल्या मजुरांचा हिशेब ठेवते, नवऱ्याच्या टेम्पोचे हप्ते तोंडपाठ म्हणते. पण कर्ज काढायची वेळ आली, भागीदारी करायची वेळ आली, की ती चहा करायला आत. घर दोन वर्षं तोट्यात ठोसे खात असतं, तिला ते सगळ्यात आधी दिसत असतं, आणि टॉवेल दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असतो. नाहीतर कुणाच्याच नसतो.

तेव्हा बायांनो, नवऱ्याच्या धंद्याचे कागद वाचायला शिका. बँकेचं पासबुक, कर्जाचा करार, विम्याची पावती. कंटाळा येतो, मलाही येतो. पण पुढे कधी 'आता थांबा' म्हणायची वेळ आली, तर आपण नुसत्या घाबरून बोलत नाही, आकडे समोर ठेवून बोलतो आहोत, हे समोरच्याला कळायला हवं. या महिन्यात एक तरी कागद वाचा, नाही कळलं तर विचारा. आणि काय विचारलंत, काय उत्तर मिळालं, ते मला नक्की लिहून कळवा.